पट्टी कोणाच्या नावावर निघते?

ताई, सप्रेम नमस्कार.

मी तासगाव तालुक्यातील द्राक्ष बागायतदार आहे. वय 63. मला एक मुलगी आणि तिच्याहून चार वर्षांनी लहान मुलगा आहे. मुलगी सांगलीच्या वालचंद महाविद्यालयातून इंजिनिअर झाली आणि पुण्यात सहा वर्षे चांगल्या पगारावर होती. चार वर्षांपूर्वी नोकरी सोडून ती गावी आली आणि आमच्या रानात स्वतःच्या शिलकीतून तिने बेदाण्याचे शेड उभे केले. पहिल्याच वर्षी अवकाळी पावसात तीन टन माल काळा पडला. आता मात्र तिच्या मालाला सौद्यात चांगला दर निघतो, आणि गेल्या वर्षापासून ती पाव किलोच्या पुड्या भरून पुण्या-मुंबईत थेट विकते. मुलगा बेंगळुरूला नोकरीत आहे. त्याला शेतीत रस नाही.

मागच्या महिन्यात गावाने तिचा सत्कार केला आणि मला दोन शब्द बोलायला सांगितले. मी म्हणालो, ‘ही माझी मुलगी नव्हे, मुलगाच आहे. मी तिला मुलासारखं वाढवलं. पहिल्या दिवसापासून तिच्या पाठीशी उभा राहिलो.’ टाळ्या पडल्या. माझे डोळे भरून आले. घरी येताना पिकअप तीच चालवत होती. फाट्यापर्यंत एक शब्द बोलली नाही. मग म्हणाली, ‘आप्पा, पट्टी अजून तुमच्याच नावावर निघते.’ (पट्टी म्हणजे सौद्यात माल विकला की अडत्या देतो ती हिशेबाची पावती.) तेव्हापासून ती कामापुरतेच बोलते. जेवायला वाढते, गोळीची आठवण करते, पण पूर्वीसारखी रात्री ओट्यावर येऊन बसत नाही.

माझे काय चुकले? बापाने आपल्या लेकराचा अभिमान बाळगू नये काय? पैशाचे म्हणाल, तर तिने मागितले तेव्हा मी कधी नाही म्हटलेले नाही. माफी मागावी, की काळ जाऊ द्यावा? तिच्या आईला विचारले तर ती म्हणते, तुमचे तुम्ही बघा.

एक बाप, तासगाव तालुका

ता. क. तिच्या लग्नाविषयीही दोन शब्द लिहावेत.

आप्पा, सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र चार पानांचे होते. जागेअभावी वर त्याचा थोडाच भाग दिला आहे, पण उत्तर मी चारही पाने समोर ठेवून लिहिते आहे, त्यामुळे वर न आलेल्या काही गोष्टींचा उल्लेख पुढे होईल. त्याबद्दल राग मानू नये.

अभिमान जरूर वाटावा. ज्या मुलीने बसल्या पगारावर पाणी सोडून स्वतःची शिल्लक पत्र्याच्या शेडात आणि जाळीच्या रॅकमध्ये घातली, पहिल्या वर्षीचा तडाखा खाल्ला आणि तरी दुसऱ्या वर्षी पुन्हा माल टाकला, तिचा अभिमान बापाला वाटला नाही तर मग वाटायचा तरी कोणाला? तुमची चूक अभिमानात नाही, ती तुम्ही स्टेजवर बोललेल्या तीन वाक्यांत आहे. ती वाक्ये पुन्हा एकदा वाचून पाहा. पहिल्यात मुलगा आहे, दुसऱ्यात आणि तिसऱ्यात तुम्ही आहात. सत्कार जिचा होता तिने नेमके काय केले, याविषयी तिन्हींत एक अक्षर नाही.

‘मुलगी नव्हे, मुलगाच’ हे वाक्य मी लग्नमांडवात, पाहुण्यांच्या बैठकीत, शाळांच्या बक्षीस समारंभांत इतक्या वेळा ऐकले आहे की त्याचा मोठा राग येत नाही. खोटे कशाला सांगू, तीस-पस्तीस वर्षांपूर्वी माझ्या वडिलांनी चार माणसांत हेच वाक्य माझ्याविषयी उच्चारले, तेव्हा माझ्या अंगावर मूठभर मांस चढले होते. त्या काळी घराच्या वहीत मुलीच्या नावाचे खातेच नसे, त्यामुळे तिने काही कमावले तर ती जमा मुलाच्या खात्यावर टाकण्यावाचून वडिलांपुढे दुसरा मार्ग नव्हता, आणि निदान कुठेतरी ती लिहिली तरी गेली याचेच आम्हांला अप्रूप होते. तुमच्या मुलीला ते अप्रूप नाही, आणि नसावे हेच बरे. तिच्या कानाला ते वाक्य कसे लागले असेल, हे समजून घ्यायला तुमच्याच पत्राचे दुसरे पान पुरेसे आहे. तीन टन माल काळा पडला त्या आठवड्यात तुम्ही घरात म्हणालात, ‘पोरीच्या जातीला हे झेपायचं काम नव्हे.’ तुम्ही हे प्रांजळपणे लिहिलेत, त्याबद्दल तुमच्याविषयी आदर वाटला. पण आता दोन्ही वाक्ये शेजारी शेजारी ठेवून बघा. माल बिघडला तेव्हा ती पोर होती आणि माल चांगला निघाला तेव्हा ती मुलगा झाली. म्हणजे नुकसान तेवढे तिच्या खात्यावर आणि नफा दुसऱ्याच्या. हिशेबाचे गणित तुम्हांला मी शिकवायला नको.

आपल्याच जिल्ह्यातले उदाहरण द्यायचे तर स्मृती मानधना सांगलीत खेळून मोठी झाली. तिने शतक काढले की आपण पेढे वाटतो, पण ‘सांगलीचा मुलगाच तो’ असे पारावरचा कोणीही म्हणत नाही. तिच्या धावा तिच्याच नावापुढे लिहिल्या जातात आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. मैदानावर जे आपल्याला सहज जमते, ते रानात आणि अडत दुकानात का जमू नये?

आणि जाता जाता तुमच्या मुलाचाही विचार करा. तो बेंगळुरूला बसून सत्काराची चित्रफीत बघत असेल, आणि वडील गावासमोर सांगत आहेत की त्यांचा खरा मुलगा दुसराच कोणी आहे. तो काही बोलणार नाही. मुलगे बोलत नाहीत.

आता मला तुमच्या पत्रातल्या ज्या ओळीने थांबवले तिच्याकडे येते. तिसऱ्या पानावर, मागच्या वर्षीच्या मार्चमधल्या वळवाविषयी तुम्ही लिहिले आहे. रात्री दोनच्या सुमाराला विजा चमकायला लागल्या म्हणून तुम्ही उठलात, बाहेर आलात, तर शेडात बॅटरीचा उजेड फिरताना दिसला. तुमच्या आधी ती पोहोचली होती आणि एकटीच पडदे सोडत होती. त्यापुढे एक ओळ तुम्ही पेनाने खोडली आहे, पण रेघ फिकी असल्यामुळे वाचता आली: ‘मी बांधावर उभा राहून बघत होतो. पुढे गेलो नाही.’

आप्पा, चार पानांत अभिमानाची खरी ओळ ही एकच आहे, आणि तीच तुम्ही खोडलीत.

ती खरी का वाटते, तर बघणाऱ्याने तिथे काहीतरी बघितले आहे. बेदाण्याचे काम बाहेरून पाहणाऱ्याला सोपे वाटते, द्राक्षे वाळत घातली की झाले. माझे एक नातेवाईक नागजजवळ शेड चालवतात. त्यांच्याकडे मी एका उन्हाळ्यात दोन दिवस राहिले, तेव्हा कुठे मला कळले की घड वेलीवरच किती गोड व्हावा लागतो, 22 ब्रिक्सच्या (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचे माप) खाली साखर असेल तर बेदाणा कसा पोचट आणि हलका निघतो. लिटरभर पाण्याला साधारण 25 ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि 15 मिली डिपिंग ऑइल हे प्रमाण, त्या द्रावणात घड दोन ते चार मिनिटे बुडवणे, आणि हे सगळे कशासाठी, तर मण्यावरच्या मेणाच्या थराला बारीक भेगा पडाव्यात आणि आतल्या पाण्याला बाहेर पडायला वाट मिळावी. मग रॅकवर सावलीत 12 ते 15 दिवस, कारण ऊन लागले की हिरवा रंग गेलाच. चार किलो द्राक्षांतून एक किलो बेदाणा हातात येतो, आणि त्या दोन आठवड्यांत हवा दमट झाली तर तोही येत नाही. त्या शेडातल्या बाई रोज संध्याकाळी मधल्या कप्प्यातला एक मणी उचलून अंगठा आणि तर्जनीत दाबायच्या, काही न बोलता परत ठेवायच्या आणि पुढच्या रॅककडे जायच्या. मी विचारले, ‘काय बघता?’ तर म्हणाल्या, ‘अजून बोलतोय.’ आत पाणी असेपर्यंत मणी बोटाखाली हलतो, त्याला त्या बोलणे म्हणत होत्या.

ही उजळणी तुमच्यासाठी नाही. तुम्ही उभा जन्म द्राक्षांत काढला आहे, यातले माझ्यापेक्षा शंभर पटींनी जास्त तुम्हांला कळते, आणि नेमकी म्हणूनच मला तुमच्या भाषणाची खंत वाटते. त्या मंडपात बसलेल्या दोन-तीनशे माणसांत तिच्या कामाची बारकाई ओळखणारे कान आणि डोळे तुमच्याइतके कोणाचेच नव्हते. पहिल्या वर्षीच्या पावसानंतर तिने शेडाची दिशा आणि पडद्यांची बांधणी बदलली, तापमान आणि हवेतली आर्द्रता रोज वहीत टिपायला सुरुवात केली, दुसऱ्या वर्षी सगळा माल एकदम न उतरवता तीन टप्प्यांत उतरवला, हे सगळे तुमच्याच पत्रात आहे. ‘तिने शेड वाऱ्याच्या बाजूने फिरवलं, मला तीस वर्षांत सुचलं नव्हतं,’ एवढे एकच वाक्य तुम्ही माईकवर बोलला असतात, तरी टाळ्या कदाचित कमी पडल्या असत्या, पण ती फाट्यापर्यंत गप्प बसली नसती.

तुमच्या भाषणातल्या तिसऱ्या, ‘पाठीशी उभा राहिलो’ या वाक्याविषयी लिहिताना मला स्वतःच्या घराची गोष्ट सांगावी लागेल. माझी मुलगी बँकेतली कायम नोकरी सोडून मिरजेला तंतुवाद्यांची दुरुस्ती शिकायला गेली, तेव्हा मी वर्षभर सगळ्या नातेवाइकांना ती रजेवर आहे असे सांगत होते. आधी बाळंतपणाची रजा, मग आजारपणाची, मग बिनपगारी. माझ्याच थापांची मला यादी ठेवावी लागे. पुढे 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, वर्तमानपत्रांत बातम्या आल्या, आणि शेजारच्या वहिनी आमच्याकडे पेढे घेऊन आल्या. तेव्हा मी सोफ्यावर बसून सांगू लागले की मी तर तिला आधीपासूनच म्हणत होते, बँकेत काय ठेवले आहे, या कलेत पड. मुलगी स्वयंपाकघरात होती. तिने गॅस बंद केला, दारात येऊन उभी राहिली आणि शांतपणे विचारले, ‘आई, माझी रजा संपली का?’ वहिनींना काही कळले नाही. मला कळले.

पोटच्या मुलांना आपल्या विरोधाचा फारसा राग नसतो. बापाने काळजीपोटी अडवले, आईने भीतीपोटी टोमणे मारले, हे ती समजून घेतात आणि बहुधा विसरतातही. पण तो विरोध झालाच नव्हता असे आपण सांगू लागलो की त्यांनी जे एकट्याने सोसले तेच आपण पुसून टाकतो. तुम्ही पहिल्याच पानावर लिहिले आहे की ती नोकरी सोडून आली तेव्हा दोन महिने तुम्ही तिच्याशी बोलला नाहीत आणि शेडाच्या पायाला नारळ फोडायलाही आला नाहीत, तिच्या आईने तो फोडला. मग तिच्यासमोर, गावासमोर, पहिल्या दिवसापासून पाठीशी उभा राहिलो असे म्हटल्यावर त्या नारळाचे काय झाले? तिची आई ‘तुमचे तुम्ही बघा’ का म्हणते, याचेही उत्तर बहुतेक तिथेच आहे. त्या मंडपात मागच्या रांगेत त्याही बसल्या असतील.

आता पट्टी. तिने वर्षाभराचे मौन एका वाक्यात बोलून दाखवले आणि तुम्ही ते पैशांविषयी आहे असे समजलात. ‘मागितले तेव्हा कधी नाही म्हटले नाही’ असे तुम्ही अभिमानाने लिहिता, आणि मला नेमके तेच खटकते. जो माल तिने पिकवून, बुडवून, वाळवून, काडी काढून, प्रतवारी करून 15 किलोच्या बॉक्समध्ये भरला, त्याचे पैसे तिला मागावे का लागतात? सौद्याची पट्टी तुमच्या नावावर निघते, रक्कम तुमच्या खात्यावर जमा होते, कोल्ड स्टोरेजची पावती तुमच्या नावाची, अडत्या तुम्हांला मालक म्हणतो आणि तिला ताई. उद्या तिला दुसरे शेड उभारायचे झाले आणि ती बँकेत गेली, तर बँक तिच्या सत्काराची शाल बघणार नाही, तीन वर्षांच्या उलाढालीचे कागद मागेल. कागदावर तिची उलाढाल शून्य आहे. सांगलीच्या बेदाण्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा आपल्याला रास्त अभिमान आहे. पण तो बेदाणा करणाऱ्या किती बायकांच्या नावावर एखादी तरी पट्टी निघते, हे कोणत्याही अडत दुकानाच्या वह्या उघडून बघावे.

हे दुरुस्त करणे अवघड नाही. येता हंगाम सुरू होण्याआधी, म्हणजे पहिला माल रॅकवर पडण्यापूर्वी, तिला घेऊन अडत दुकानात जा आणि तिच्या नावाचे खाते उघडा. तिचे आधार, पॅन आणि बँकेचे पासबुक लागेल, ते ती आणेल. अडत्याशी बोलणे तिला करू द्या. तो सवयीने तुमच्याकडे बघून दर सांगेल, त्या वेळी तुम्ही चहाच्या कपात बघा. कोल्ड स्टोरेजलाही तसेच. बाग तुमची आणि शेड तिचे असेल, तर तुमची द्राक्षे ती काय भावाने घेते हेही एकदा बापलेकीने ठरवून वहीत लिहा, म्हणजे तुमचा हिस्सा कुठे संपतो आणि तिचा कुठे सुरू होतो याविषयी दोघांच्याही मनात खडा राहणार नाही. एक विनंती मात्र आहे, हे सारे पाडव्याची किंवा वाढदिवसाची भेट म्हणून करू नका. तिचीच वस्तू तिला रंगीत कागदात बांधून दिली तर ती हसून घेईल आणि पुन्हा ओट्यावर येणार नाही.

शेड ज्या जागेवर आहे त्या दहा गुंठ्यांचा विषय तुम्ही शेवटी ओझरता काढला आहे, आणि जमीन वडिलार्जित असल्याचेही लिहिले आहे. म्हणून इतकेच सांगते. वडिलार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने 1994 मध्येच केली होती. पुढे 9 सप्टेंबर 2005 पासून देशभर तोच कायदा लागू झाला, आणि 11 ऑगस्ट 2020 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की हा हक्क मुलीला जन्मानेच मिळतो. तेव्हा ‘मी तिला दहा गुंठे देऊन टाकतो’ ही भाषा मनातही आणू नका, ते तिचे आहेत की नाहीत हा प्रश्न तुमच्या उदारपणाचा उरलेला नाही. वाटणी कशी करावी, शेडाखालची जागा कोणाच्या वाट्याला यावी, सातबाऱ्यावर नोंद कशी घ्यावी, हे मुलगा सुट्टीवर येईल तेव्हा चौघांनी बसून ठरवा आणि एखाद्या चांगल्या वकिलाकडून कागद करून घ्या. तुमच्या दोन्ही बहिणींनी हक्कसोडपत्रावर सह्या केल्या होत्या आणि तेव्हा त्यांना साड्या घेतल्या होत्या, हेही तुम्ही लिहिले आहे. त्यावर मी भाष्य करीत नाही. फक्त तो कागद तुमच्या कपाटात आहे आणि घरातले सगळे कागद आता तुमची मुलगी लावते, एवढे लक्षात असू द्या.

माफी मागावी का? मागावी, पण तिचा सोहळा करू नये. स्टेजवर चुकले म्हणून स्टेजवर माफी मागण्याच्या भानगडीत पडू नका. तिला पुन्हा एकदा दोनशे माणसांसमोर चेहरा सांभाळत बसावे लागेल. शेडात, प्रतवारीच्या वेळी, हात कामात असताना बोला. आपल्याकडच्या बापांना समोरासमोर बसून बोलणे जमत नाही, आणि त्यात काही कमीपणाही नाही. दोघांची नजर बेदाण्यावर असली की बरेच काही बोलता येते. तिला सांगा की तू आलीस तेव्हा मला विश्वास नव्हता, नारळाला मी आलो नाही, आणि मंडपात मी खोटे बोललो. त्यानंतर ती खोडलेली ओळ सांगा, बांधावरची. ती का खोडली, तेही सांगता आले तर सांगा. मला त्याचा अंदाज आहे, पण तो मी इथे लिहिणार नाही, कारण तो चुकीचा असू शकतो आणि तिने तो तुमच्याकडूनच ऐकायला हवा. डोळ्यांत पाणी आले तर क्षणभर काडी काढायच्या यंत्राकडे जाऊन या. बाप रडला की मुलीला स्वतःचे दुःख बाजूला ठेवून त्याची समजूत काढावी लागते, आणि ही पाळी तिची नाही.

ती लगेच मोकळी होईल अशी अपेक्षा धरू नका. ‘बरं’ म्हणेल आणि पुढचा बॉक्स ओढेल. त्यानंतर पारावर किंवा सोसायटीत कोणी तुम्हांला म्हणाले, ‘आप्पा, पोरगी नव्हे, पोरगाच आहे तुमचा,’ तर तुम्ही काय उत्तर देता, हे संध्याकाळच्या आत तिच्या कानावर जाईल. गावात अशा गोष्टी पोहोचायला पिकअप लागत नाही. ‘पोरगीच आहे, आणि शेड तिचं आहे’ एवढे पुरे.

लग्नाविषयी तुम्ही ताजा कलम जोडला आहे. त्यावर आज लिहीत नाही. वय, पत्रिका आणि पाहुण्यांचे प्रश्न या पत्रात मिसळले तर वर लिहिलेल्या सगळ्यावर पाणी पडेल, आणि रॅक भरलेले असताना पाणी पडलेले तुम्हांलाही परवडत नाही.

पत्रासोबत तुम्ही तिच्या बेदाण्याची पुडी पाठवलीत, ती मिळाली. मणी सारखे आहेत, रंग हिरवट-सोनेरी, हाताला चिकटत नाही. घरात सगळ्यांना आवडला. पुडीवरचे नाव मी इथे छापत नाही, कारण त्यावरून तुमची ओळख पटेल. पण त्या नावातला पहिला शब्द ‘आप्पा’ आहे. तुम्ही चार पानांत याचा कुठेही उल्लेख केलेला नाही. ते तुम्हांला सांगण्यासारखे वाटले नाही, की रोज बघून नजरेआड झाले, हे मला कळायला मार्ग नाही. पट्टीवर तुमचे नाव आले तेव्हा तिला कोणी विचारले नव्हते, पुडीवरचे मात्र तिने स्वतः घातले आहे. छापखान्यात नमुना द्यायला ती कधी गेली, आणि हेच नाव तिने का निवडले, हे तुम्ही तिला अजून विचारलेले नसावे असे वाटते.